प्रकाशाने जखम भरते काय?

सूर्य हा आरोग्याचा दाता आहे, ही श्रद्धा आपल्या समाजात फार जुनी आहे. श्रीकृष्णपुत्र सांबाला कुष्ठ जडले आणि सूर्याच्या उपासनेने तो रोगमुक्त झाला, अशी कथा पुराणांत येते. हर्षवर्धनाच्या सभेतील मयूर कवी सूर्याची स्तुती रचून त्वचारोगातून मुक्त झाला, ही आख्यायिकाही संस्कृतच्या अभ्यासकांना परिचित आहे. दोन्ही कथांत रोग त्वचेचा आहे आणि वैद्य सूर्य आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आमच्या लहानपणी बेळगावात तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरण्याची चाल घरोघरी होती. थंडीत वृद्ध मंडळी उन्हाकडे पाठ करून अंगणात बसत. त्यामागचे कारण कोणी विचारीत नसे आणि कोणी सांगतही नसे.

आता मात्र ते कारण विचारणे अगत्याचे झाले आहे. ‘प्रकाशोपचार’ हा शब्द रुग्णालयाच्या भिंती ओलांडून बाजारात आला आहे. लाल प्रकाशाचे दिवे, तोंडावर बांधण्याचे मुखवटे, गुडघ्याला गुंडाळण्याचे पट्टे यांच्या जाहिराती सर्रास दिसतात. सुरकुत्या जातील, केस उगवतील आणि बरी न होणारी जखम भरून येईल, अशी आश्वासने त्यांत असतात. यांपैकी शेवटचे आश्वासन आम्हांला विशेष विचार करण्याजोगे वाटते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक आहेत. मधुमेही माणसाच्या पायाला झालेली लहानशी जखम काय अनर्थ करू शकते, याचा अनुभव नाही असे कुटुंब आज विरळा. अशा घरी कोणी दिवा विकावयास आला, तर त्याला काय उत्तर द्यावे, हे घरातील कर्त्या माणसांना ठाऊक असले पाहिजे.

‘प्रकाश बरा करतो काय?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. प्रकाश हे एकच औषध नाही. त्याच्या प्रत्येक रंगाचा गुण वेगळा, मात्रा वेगळी आणि धोकाही वेगळा. त्याच्या तीन तऱ्हा क्रमाने पाहिल्या, की बाजारातील दाव्यांचे मोल आपोआप कळू लागते.

प्रकाश आणि त्वचेचे दार

त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरचा थर पातळ असून तो त्वक्‌पेशींच्या अनेक पदरांचा बनलेला असतो. सर्वांत खालच्या पदरात नव्या पेशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात आणि सुमारे महिनाभरात कोंडा होऊन गळून पडतात. त्यांच्यामध्येच रंगपेशी असतात आणि त्या आपल्या वर्णाचे रंगद्रव्य तयार करतात. खालचा थर जाड असून त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे चिवट जाळे असते. हे जाळे विणणाऱ्या पेशींना तंतुजनक पेशी म्हणतात. जखमेच्या कथेत पुढे त्यांचे काम मोठे आहे.

प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० पासून ७०० पर्यंतचा. त्यात जांभळा आखूड आणि लाल लांब. ४०० च्या खाली अतिनील किरण येतात. आमच्या विद्यार्थिदशेतील पुस्तके त्यांना जंबुपार म्हणत. ७०० च्या वर अवरक्त किरण असतात. अतिनील किरणांपैकी आखूड लांबीचे किरण त्वचेच्या वरच्या थरातच अडतात. लाल आणि त्याच्या लगतचे अवरक्त किरण काही मिलिमीटर आत शिरू शकतात.

याची प्रचिती घरीच घेता येते. अंधाऱ्या खोलीत विजेरीवर बोटे घट्ट मिटून धरावीत. बोटे लालबुंद दिसतात. विजेरीचा प्रकाश पांढरा असला, तरी त्यातील निळा आणि हिरवा भाग रक्तातील रंगद्रव्य शोषून घेते व लाल भाग पलीकडे निघतो. शाळेत आम्ही हा प्रयोग पाचवीच्या मुलांकडून करून घेतो. प्रकाशोपचाराचे निम्मे रहस्य या एका प्रयोगात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पहिली तऱ्हा : द्रव्य बदलणारा प्रकाश

नवजात बालकाला कावीळ झाली की त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात, हे आता बहुतेक घरांत परिचित आहे. या उपचाराचा जन्म एका परिचारिकेच्या चौकस नजरेतून झाला. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल करीत. चांगले ऊन असले की त्या बाळांना बाहेर मोकळ्या हवेत नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याचे सारे अंग फिके दिसत होते. मात्र एक त्रिकोणी भाग गर्द पिवळा राहिला होता. तेवढ्या भागावर चादरीचा कोपरा आला होता. जेथे ऊन लागले तेथील पिवळेपणा उतरला होता.

पुढे त्याच रुग्णालयात काविळीच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हाला राहिली आणि तपासणीत तिच्यातील पित्तरंजक, म्हणजे बिलिरुबिन, अनपेक्षित कमी आढळले. या दोन निरीक्षणांतून क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि ते १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

येथे प्रकाश कोणत्याही पेशीला उत्तेजन देत नाही. सुमारे ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेतील पित्तरंजकाच्या रेणूची घडण बदलतो. बदललेले रूप पाण्यात सहज विरघळते आणि पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडते. एरवी बालकाचे सारे रक्त बदलण्याची वेळ येते, ती यामुळे पुष्कळदा टळते. म्हणून घरच्या खिडकीतील उन्हावर विसंबून काविळीचे बाळ घरी ठेवू नये. किती निळा प्रकाश, किती तास, आणि रक्तातील प्रमाण किती उतरले, याचा हिशेब रुग्णालयातच ठेवता येतो.

दुसरी तऱ्हा : घात करून उपकार करणारा प्रकाश

आधुनिक प्रकाशोपचाराचा पाया ज्याने घातला तो नील्स फिन्सेन १८६० साली फॅरो बेटांवर जन्मला. उत्तर अटलांटिकमधील ही बेटे ढगांची आणि धुक्याची. तरुणपणीच त्याला यकृत आणि हृदय यांना ग्रासणारा दुर्धर विकार जडला. अंगात शक्ती नसे. उन्हात बसले की बरे वाटे. छपरावर पहुडलेली मांजर सावली पुढे सरकली की स्वतः उठून पुन्हा उन्हात जाऊन बसते, हे पाहून त्याचे कुतूहल वाढले, अशी आठवण सांगितली जाते. १८९० साली तो कोपनहेगन येथे वैद्य झाला आणि उरलेले अल्प आयुष्य त्याने एका प्रश्नाला वाहिले: प्रकाशाचा कोणता भाग शरीरावर काय परिणाम करतो?

त्या काळी युरोपात ल्युपस व्हल्गॅरिस नावाचा त्वचेचा क्षय पुष्कळांना होत असे. तो बहुधा चेहऱ्यावर येई. नाक, ओठ, गाल हळूहळू कुरतडले जात. (आज ‘ल्युपस’ या नावाने जो आजार अधिक ऐकू येतो तो निराळा.) असे रुग्ण लोकांच्या नजरेला भिऊन घरात दडून राहत. १८९५ साली फिन्सेनने अशा एका रुग्णावर कार्बनच्या विद्युत्‌ज्योतीचा प्रकाश भिंगांनी एकवटून सोडण्यास प्रारंभ केला. उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून मध्ये पाणी ठेवले. रक्त किरणांना अडविते हे ओळखून त्याने स्फटिकाच्या चकतीने ती जागा दाबून रक्त बाजूला सारले. एका वेळी नाण्याएवढी जागा, प्रत्येक बैठक तासाभराची किंवा अधिक, आणि अशा बैठका महिनोन्‌महिने. एवढ्या चिकाटीने जुने व्रण भरून आले.

१८९६ साली कोपनहेगन येथे त्याच्या नावाची प्रकाशसंस्था निघाली. १९०३ साली त्याला वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी हा मान सिकंदराबादेत हिवतापाच्या डासाचे गूढ उकलणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना मिळाला होता. फिन्सेन तोवर इतका खंगला होता की समारंभाला जाऊ शकला नाही. १९०४ साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला.

या थोर माणसाच्या कार्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८९३ साली त्याने देवीच्या रुग्णांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवावे, म्हणजे व्रण राहणार नाहीत, असे सुचविले होते. अनेक ठिकाणी तसे करण्यात आले. पण पुढील अनुभवाच्या कसोटीवर ते टिकले नाही. त्वचेच्या क्षयावरील उपचार टिकला आणि देवीवरील टिकला नाही. दोन्ही एकाच बुद्धिमान माणसाचे होते. बोलणारा किती मोठा आहे यावरून उपचाराची परीक्षा होत नाही, ती परिणाम मोजून होते, हा धडा विसरण्यासारखा नाही.

फिन्सेनच्या दिव्याने जंतू कसे मरत, याचाही उलगडा उशिराच झाला. आखूड अतिनील किरण जंतूंना थेट मारतात, असे अनेक वर्षे समजले जाई. २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्याची जुनी उपकरणे तपासली तेव्हा असे आढळले की ती भिंगे व गाळण्या ३४० नॅनोमीटरच्या खालील किरण जवळजवळ पार होऊच देत नव्हत्या. तेव्हा क्षयजंतूंतील पॉर्फिरिन नावाची द्रव्ये त्याहून लांब लांबीचा प्रकाश शोषून प्राणवायूचे दाहक रूप निर्माण करीत असावीत आणि जंतू त्यात मरत असावेत, असा निष्कर्ष निघाला. स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड ही क्षयाची औषधे आल्यावर हे दिवे मागे पडले.

याच तऱ्हेचा एक उपचार आपल्या आयुर्वेदाच्या ओळखीचा आहे. कोडावर बावचीचे बी उगाळून लावावे आणि तो भाग उन्हाला धरावा, ही रीत जुनी आहे. बावचीत सोरालेन नावाचे द्रव्य असते. ते स्वतः फारसे काही करीत नाही. पण लांब लांबीचा अतिनील किरण पडला की पेशीतील डी.एन.ए.च्या दोन धाग्यांना ते एकमेकांशी जखडून टाकते. सोरायसिसमध्ये त्वक्‌पेशी महिन्याचे काम थोड्या दिवसांत उरकण्याची घाई करतात. त्या घाईला यामुळे लगाम बसतो. कोडात केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशी जागृत होऊन डागात ठिपक्याठिपक्यांनी रंग भरतात. १९४० च्या दशकात कैरोच्या अल्‌ मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वनस्पतीतून काढलेले याच कुळातील द्रव्य कोडावर वापरले. १९७४ साली अमेरिकेत ते सोरायसिसवर यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले. आज त्यापेक्षा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा अरुंद पट्ट्याचा अतिनील प्रकाश अधिक वापरतात, कारण त्यात औषध घ्यावे लागत नाही.

या साऱ्या तऱ्हेचे मर्म घात करण्यात आहे, म्हणून तिचा धोकाही तेथेच आहे. बावची लावून उन्हात जास्त वेळ बसलेल्यांच्या अंगावर मोठाले फोड आल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना नवी नाहीत. अतिनील किरणांनी डी.एन.ए. दुखावतो आणि वर्षानुवर्षांच्या माऱ्याने कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००९ साली कातडी रापविण्याच्या अतिनील यंत्रांना मनुष्यात कर्करोग निर्माण करणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात घातले. तेव्हा अतिनील उपचार वैद्याच्या नोंदवहीबाहेर कधीही करू नये.

जखम कशी भरते

तिसरी तऱ्हा समजण्यासाठी जखम भरण्याची रीत आधी पाहिली पाहिजे. कातडी कापली की पहिल्या काही मिनिटांत रक्तातील बिंबिका एकत्र येऊन गुठळी करतात आणि वाहते रक्त थांबते. मग दाहाचे दिवस येतात. पांढऱ्या पेशी जमतात, जंतू मारतात, मेलेले तुकडे उचलून नेतात. जखमेभोवतीची लाली, ऊब आणि ठणका हे या सफाईचे लक्षण होय. तीन-चार दिवसांनी बांधकाम सुरू होते. तंतुजनक पेशी कोलॅजनचे धागे टाकू लागतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे कोंब फुटतात आणि जखमेच्या तळाशी दाणेदार तांबडे मांस दिसू लागते. कडांच्या त्वक्‌पेशी एकमेकींचा हात न सोडता चादरीसारख्या आत सरकतात आणि जखम झाकली जाते. शेवटी घाईने टाकलेले धागे पुन्हा नीट रचले जातात. हे काम वर्षभर किंवा अधिक काळ चालते, आणि तरीही वणाची बळकटी मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही.

मधुमेहात ही घडी दुसऱ्या पायरीवरच अडकते. साखरेमुळे पांढऱ्या पेशी मंदावतात, पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, मज्जातंतू बधिर होतात. जखम दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो. सफाई संपत नाही आणि बांधकाम सुरू होत नाही.

तिसरी तऱ्हा : चेतना देणारा प्रकाश

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. बोस्टनमधील एका वैद्याने त्याने प्राण्यांतील गाठी जाळण्याचे प्रयोग केले. बुडापेस्टचे शल्यवैद्य एंद्रे मेस्टर यांनी तेच आपल्या प्रयोगशाळेत करून पाहावयाचे ठरविले. प्राण्यांच्या पाठीवरील केस काढून त्यांनी ६९४ नॅनोमीटरचा लाल किरण सोडला. गाठींवर परिणाम झाला नाही, कारण त्यांचे यंत्र फार दुबळे होते. मात्र जेथे किरण पडला होता तेथे केस इतर जागेपेक्षा लवकर उगवले, आणि जखमाही लवकर भरताना दिसल्या. १९६७ च्या सुमाराची ही गोष्ट. यंत्राच्या दुबळेपणातच नवा शोध दडला होता, हे ओळखण्याची दृष्टी मेस्टर यांच्यापाशी होती. १९८४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी जुनाट व्रणांवर हे काम चालू ठेवले.

मंद प्रकाश पेशीत काय करतो? प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. त्या अन्नापासून पेशीला लागणारी शक्ती तयार करतात. या कामाच्या शेवटच्या टप्प्यावर सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर प्राणवायू वापरते. हे विकर लाल व निकट अवरक्त प्रकाश शोषते, याकडे सोव्हिएत संशोधिका टीना कारू यांनी १९८० च्या दशकापासून लक्ष वेधले. दुखावलेल्या पेशीत या विकरावर नायट्रिक ऑक्साइड बसून त्याचे काम अडविते आणि प्रकाश ते दूर सारतो, अशी एक उपपत्ती आहे. मग शक्तीची निर्मिती वाढते, पेशीत काही रासायनिक इशारे उमटतात, तंतुजनक पेशी अधिक वाढतात व सरकतात. काचेच्या बशीत वाढविलेल्या पेशींवर हा परिणाम पुष्कळ प्रयोगांत दिसला आहे. उपपत्ती बरीच मान्य असली, तरी तिच्याविषयी वाद संपलेला नाही.

यात एक महत्त्वाची अट आहे. मात्रा कमी पडली तर काहीच होत नाही; योग्य असली, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला काही जूल, तर पेशी चेततात; आणि तीच पुष्कळ वाढविली तर पेशींचे काम उलट मंदावते. आमटीतील मिठासारखीच ही गोष्ट आहे. म्हणूनच ‘जितका प्रकाश अधिक तितका गुण अधिक’ हे विक्रेत्याचे बोलणे शास्त्राला धरून नाही.

प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या

बशीतील पेशीला साखर नसते, बधिरपणा नसतो, चालावे लागत नाही. तेव्हा खरी परीक्षा रुग्णापाशी.

एका ठिकाणी ही परीक्षा चांगली उतरली आहे. कर्करोगावर किरणोपचार किंवा तीव्र औषधे चालू असताना रुग्णाच्या तोंडाचा आतला पदर सोलून निघतो; पाण्याचा घोट घेणेही जिवावर येते. अमेरिकेतील मिलवॉकी येथील वैद्यकांनी, अवकाशात रोपे वाढविण्यासाठी नासाने विकसित करविलेले ६७० नॅनोमीटरचे लाल दिवे अस्थिमज्जा-रोपण झालेल्या मुलांच्या गालांवर धरून पाहिले. आपल्या कर्नाटकातील मणिपाल येथे तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हेलियम-निऑन लेझरची रीतसर चाचणी झाली आणि ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. प्रकाश मिळालेल्या गटात व्रण व वेदना कमी होत्या. कर्करोगाच्या सहायक उपचारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ आणि २०२० च्या मार्गदर्शनात ठरावीक रुग्णांना, ठरावीक मात्रेत, हा उपचार देण्याची शिफारस केली आहे. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाचा कर्करोग किती आहे हे ज्ञात असलेल्या वाचकांना याचे मोल सांगावयास नको.

पायांच्या व्रणांचे चित्र मात्र इतके स्पष्ट नाही. कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली मधुमेही पायांच्या व्रणांवरील प्रकाशोपचाराच्या चाचण्या एकत्र तपासल्या. त्या होत्या ८ आणि त्यांतील रुग्ण सारे मिळून ३१६. प्रकाशाने व्रण भरण्यास मदत होत असावी, पण चाचण्या लहान व सदोष असल्याने खात्री देता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. अशुद्ध रक्तवाहिन्यांच्या विकाराने पायाला होणाऱ्या व्रणांवरील लेझरच्या ४ चाचण्या याच संस्थेने पूर्वी तपासल्या होत्या. त्यांत लाभाचा पुरावा मिळाला नव्हता.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे अण्णा म्हणत, त्यांच्या पायाच्या बोटाला चपलेने साल गेले. कोणा फिरत्या विक्रेत्याकडून मुलाने लाल दिवा आणला. अण्णा रोज सकाळ-संध्याकाळ मोठ्या निष्ठेने त्यासमोर पाय धरून बसत. आम्ही भेटीला गेलो तेव्हा विचारले, “अण्णा, साखर कधी तपासली?” ते म्हणाले, “आता दिवा आहे ना, महिनाअखेर बघू.” महिनाअखेरीस बोट काळे पडले होते आणि ते काढावे लागले. दिव्याने त्यांना अपाय केला असे शल्यवैद्यांनी म्हटले नाही. दिव्याच्या भरवशावर गेलेले सहा आठवडे, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

घरी काय ध्यानात ठेवावे

मधुमेही माणसाच्या पायाची जखम दिसली, की पहिले काम वैद्याला दाखविणे. साखर आटोक्यात आणणे, पायातील रक्तप्रवाह तपासणे, मेलेले मांस काढणे, जंतूंचा बंदोबस्त करणे आणि जखमेवर भार पडू न देणे, हा खरा उपचार. प्रकाश घ्यावयाचाच झाला, तर तो या सर्वांच्या जोडीला आणि त्याच वैद्याच्या सल्ल्याने घ्यावा.

कंबर शेकण्याचा लाल दिवा आणि मंद प्रकाशाचा उपचार यांत घोटाळा करू नये. शेकण्याचा दिवा ऊब देतो. बधिर पायाला ती कळत नाही आणि नवी भाजलेली जखम होते. पाणी किंवा हवा निर्जंतुक करणाऱ्या अतिनील नळ्या तर अंगावर किंवा डोळ्यांवर कधीच पडू देऊ नयेत. लेझरचा किरण डोळ्यात गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून मुलांच्या हाती असली उपकरणे देऊ नयेत. एखाद्या जागी पूर्वी कर्करोग झाला असेल, किंवा न भरणारा व्रण नेमका कशाचा आहे हे ठरलेले नसेल, तर तेथे आपल्या मनाने कोणताही प्रकाश देऊ नये.

विक्रेता दारी आला तर त्याला चार प्रश्न विचारावेत. याची लांबी किती नॅनोमीटर? मात्रा किती आणि किती वेळ? कोणत्या रोगावर याची चाचणी झाली? कोणी घेऊ नये? ही चारही उत्तरे ज्याच्यापाशी नाहीत, त्याचे यंत्र कितीही झगझगीत असले, तरी ते घरात घेण्याचे कारण नाही. जे पैसे त्यावर जातील, त्यांत साखरेच्या अनेक तपासण्या होतात आणि पायाला मऊ पादत्राणेही येतात.